सासरेबुवांचे न झिजणारे फ्रेट

सासरेबुवा येणार ही बातमी गिटारवाल्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर आधी यायची आणि गिटारवाल्याच्या पोटात नंतर. बायको बस चालवायची. ड्युटी संपली की एरवी ती तडक जिना चढून वर घरात जायची. खाली नवऱ्याचा गिटार बनवायचा कारखाना आहे हे तिच्या गावीही नसायचं. पण वर्षातून एक दिवस असा यायचा की ती जिन्याशी थबकायची, कारखान्याच्या दारातून डोकं आत घालायची आणि साखर पेरल्यासारख्या आवाजात विचारायची, "काय रे, फार दमलास का?"

गिटारवाला हातातला रंधा खाली ठेवायचा. "कधी येतायत?"

"उद्या. फ्रेट झिजलेत म्हणे."

"परत?"

"रोज चार तास रियाज करतात अरे ते, या वयात. झिजणारच ना."

ज्यांनी गिटार फक्त लांबून पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. बोटानं तार दाबली की ती पट्टीवर टेकते आणि सूर निघतो. वर्षानुवर्षं दाबून दाबून पट्टीला तारेखाली खळगा पडतो, सूर खरखरायला लागतो, आणि मग जुने फ्रेट उपटून नवे ठोकावे लागतात. चांगल्या वाजवणाऱ्यावर ही पाळी आठ-दहा वर्षांतून एकदा येते. सासरेबुवांवर दर वर्षी यायची.

सासरेबुवा नोकरीत लिफ्टमन होते. एका अकरा मजली कचेरीच्या लिफ्टमध्ये स्टुलावर बसून त्यांनी उभी हयात काढली. आत येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच विचारायचे, "काय काम आहे?" काम असेल तर वर, नसेल तर बाहेर. एकदा म्हणे खुद्द मोठे साहेब सहज फेरी मारायला आले होते, तर त्यांनाही यांनी तळमजल्यावरूनच वाटेला लावलं. नोकरी संपली, पण हा नियम काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. काम असल्याशिवाय ते कोणाच्या दारात जात नसत. मुलीच्या दारातही नाही. "बिनकामाचा माणूस म्हणजे लिफ्टवर उगाच भार," असं ते म्हणायचे, आणि ज्या घरांना लिफ्टच नाही त्यांनाही हाच नियम लावायचे.

त्यामुळे फ्रेट झिजले तरच ते यायचे. सासूबाई गेल्या त्या वर्षी पहिल्यांदा आले होते. तेव्हा फ्रेट खरोखरच म्हातारे झाले होते. त्यानंतर मात्र दर वर्षी. गिटारवाल्यानं मनाशी हिशेब केला होता की म्हातारा एकटा पडलाय, दुःखात वाजवत असेल, दुःखी माणसाचा हात जड असतो. हे सगळं त्याला कळत होतं. तरी चादरीत गुंडाळलेली ती गिटार काखेत मारून सासरेबुवा दारात उभे राहिले की तो आधी कॅलेंडरकडे बघायचा तो बघायचाच.

कारण काम असायचं तीन दिवसांचं आणि मुक्काम तीन आठवड्यांचा. सकाळी चहा झाला की सासरेबुवा खाली कारखान्यात यायचे, कोपऱ्यातलं स्टूल ओढायचे आणि लिफ्टमध्ये बसल्यासारखे दाराकडे तोंड करून बसायचे. मग गिऱ्हाइकांची जी फे फे उडायची ती विचारू नका.

"काय काम आहे?"

"काही नाही, जरा गिटारी बघाव्या म्हटलं."

"बघून काय करणार?"

गिऱ्हाईक गडबडून निघून जायचं. जे टिकायचं त्याला सासरेबुवा जावयाची ओळख करून द्यायचे. "हात चांगला आहे हो यांचा. गेल्या वर्षी माझी गिटार जरा खुळखुळली होती, पण चालायचंच. माणूस आहे, चुकतो." दुपारी गिटारवाला जेवायला वर गेला की मागे सासरेबुवा त्याच्या पकडी आणि हातोड्या उंचीप्रमाणे रांगेत लावून ठेवायचे. कामाच्या हिशेबानं हाताशी ठेवलेल्या गोष्टी अशा कवायतीला उभ्या केल्या की कारागिराच्या डोक्यात जे होतं ते कारागिरालाच ठाऊक. आणि गिटारवाला तार कापायला वाकला की मागून ठरलेला आवाज यायचा, "चुकलं वाटतं."

चुकायचंच मग.

सासरेबुवांना गाणं येत होतं ते एकच. गिटारच्या डोक्याजवळच्या पहिल्या तीन फ्रेटांत बोटं ठेवून ते जे वाजवायला लागायचे ते पुन्हा पहिल्या तीन फ्रेटांतच संपायचं. हे गाणं त्यांनी म्हणे तरुणपणी सासूबाईंना ऐकवलं होतं आणि सासूबाईंनी 'पुरे' म्हणायच्या आत लग्न ठरलं होतं. एवढं असूनही मदतीची त्यांना भारी हौस. जुने फ्रेट उपटायचं काम ते जावयाला करूच द्यायचे नाहीत. आल्या आल्या पक्कड घेऊन स्वतः उपटायचे, खिशात घालायचे आणि म्हणायचे, "कुंड्यांतली माती उकरायला बरे पडतात." म्हाताऱ्याच्या घरी कुंड्या दोन. पण एवढ्या खोलात कोण जातो?

या खेपेला मात्र गिटारवाल्यानं आधीच बेत शिजवून ठेवला होता. ज्या तारेचे तुकडे कापून फ्रेट ठोकतात ती विकणाऱ्या तारवाल्याला त्यानं फोन करून विचारलं होतं, "सगळ्यात टिकाऊ फ्रेट कुठले?"

"स्टेनलेस स्टील," तारवाला म्हणाला. "नेहमीची निकेलची तार त्याच्यापुढे लोणी आहे. एकदा ठोका आणि विसरा. वाजवणारा झिजेल, फ्रेट झिजणार नाही."

"नक्की?"

"पण एक सांगतो, काम कटकटीचं आहे. हत्यारांची वाट लागते."

हत्यारांची वाट लागली तरी चालेल, सासऱ्यांची वाट बंद झाली पाहिजे, असं गिटारवाल्यानं मनातल्या मनात म्हटलं. मोठ्यानं त्यानं फक्त तार मागवली.

ठरल्या दिवशी सासरेबुवा आले. गिटारवाल्यानं यंदा पहिल्यांदाच दारात हसतमुखानं स्वागत केलं आणि त्याच दमात सांगूनही टाकलं, "बाबा, तुमचा त्रास कायमचा संपवतो. स्टीलचे असे फ्रेट टाकतो की नातवंडांच्या नातवंडांपर्यंत बघायला नको."

सासरेबुवांचा चेहरा उतरला. चादरीची गाठ सोडता सोडता त्यांचे हात तिथेच थांबले.

"स्टील? म्हणजे भांड्यांचं?"

"तेच समजा."

"मग आवाज भांड्यांसारखाच यायचा, जावईबापू. मी वाजवायला बसलो आणि शेजारचे जेवायला आले तर?"

"नाही येणार. गोड वाजतं."

"आणि गंजलं तर?"

"स्टेनलेस आहे बाबा. गंजत नाही."

"वीज पडली तर?"

गिटारवाल्यानं हात जोडले. सासरेबुवांना प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच होती, तेव्हा त्यानं त्यांचं बोलणं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

आणि मग काम सुरू झालं, म्हणजे वनवास सुरू झाला.

पहिला बळी कटरचा गेला. गिटारवाल्याचा तो लाडका कटर, निकेलची तार काकडीसारखी कापणारा. स्टीलच्या तारेवर त्यानं तो दाबला, 'टण्ण' असा आवाज आला आणि तार आहे तशीच राहिली. कटरच्या पात्याला मात्र अर्धचंद्र पडला.

"चुकलं वाटतं," मागून आवाज आला.

दुसरा कटर जाडजूड होता. त्यानं तार कापली खरी, पण कापलेला तुकडा असा काही सुटला की भिंतीवरच्या घड्याळाची काच फोडून, तिथून छताला लागून, सरळ सासरेबुवांच्या चहात पडला. सासरेबुवा कपात बघत बसले. मग उठले, वर गेले आणि मुलीचं स्कूटरचं हेल्मेट घालून खाली आले. त्या दिवसापासून त्यांचा मुक्काम हेल्मेटमध्येच. चहाचा घोट घ्यायचा असला की समोरची काच वर, घोट झाला की काच खाली. एक गिऱ्हाईक दुरुस्तीला गिटार घेऊन आलं. आत डोकावलं तर स्टुलावर हेल्मेट घातलेला म्हातारा, तो आतून घुमत्या आवाजात विचारतोय, "काय काम आहे?" गिऱ्हाईक गिटारीसकट पळालं.

मग तार वाकवायचं प्रकरण. गिटारची मान अगदी सपाट नसते, मधोमध किंचित फुगीर असते. त्या फुगवट्याला बसेल अशी तारही आधी वाकवून घ्यावी लागते. निकेलची तार गुणी. जितकी वाकव म्हणाल तितकी वाकते आणि तशीच राहते. स्टीलची तार यंत्रातून वाकून बाहेर यायची, टेबलावर ठेवली की क्षणभर विचार करायची आणि परत सरळ व्हायची. गिटारवाल्यानं हँडल फिरवून फिरवून खांद्याची काशी करून घेतली.

"ताठ आहे," सासरेबुवा हेल्मेटमधून म्हणाले. "जावयाच्या मानेसारखी."

शेवटी गरजेपेक्षा दुप्पट वाकवली तेव्हा कुठे ती मनासारखी उरली. आता ठोकायची. गिटारवाल्यानं हातोडीनं मध्यभाग ठोकला, तर दोन्ही टोकं वर आली. टोकं ठोकली, तर मध्यभाग वर आला. डावीकडून दाबलं की उजवीकडे उठे, उजवीकडून दाबलं की डावीकडे. लहान मुलाला अंथरुणात निजवावं आणि त्यानं दर वेळी कुठून तरी एक पाय बाहेर काढावा, तसला प्रकार. गिटारवाल्यानं खाचेत झटपट चिकटणारा गोंद सोडला आणि ओरडला, "बाबा, हे टोक दाबा! घट्ट!"

सासरेबुवांनी दाबलं. फ्रेट चिकटला. सासरेबुवांचा अंगठाही चिकटला.

त्यानंतर बराच वेळ सासरा आणि जावई एकाच गिटारला धरून शेजारी शेजारी बसून होते. कोमट साबणाच्या पाण्यानं अंगठा हळूहळू सुटायची वाट बघायची, दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सासरेबुवांनी काच वर केली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तुमच्या सासूबाई असत्या तर हसून हसून मेल्या असत्या." मग त्यांना आठवलं की त्या आधीच गेल्यात. गिटारवाल्यानं त्यांचा चहा त्यांच्या तोंडाला लावला. सासरेबुवांनी एक घोट घेतला आणि "साखर कमी आहे" असं म्हणून ते पूर्वपदावर आले.

फ्रेट सगळे बसले, पण मग टोकं. कापलेल्या स्टीलच्या टोकासारखं दुष्ट काही नसेल. गिटारवाल्याचा तळहात, सासरेबुवांची बाही, वरून 'जेवायला चला' म्हणून सांगायला आलेल्या बायकोची ओढणी, सगळ्यांना त्या टोकांनी प्रसाद दिला. टोकं घासायला कानस लावली, तर कानशीचेच दात गेले. दुसरी लावली, तिचेही गेले. या कानशी लोखंडाला जुमानत नाहीत म्हणून त्याला त्यांचा केवढा अभिमान होता, आणि स्टीलवरून त्या काचेवरून घसरावं तशा घसरत होत्या.

"ती पिवळ्या मुठीची कानस असती ना," गिटारवाला दात ओठ खात म्हणाला, "तर तिनं यालाही सरळ केलं असतं. एकच कानस होती कामाची, ती त्या सुतारानं लांबवली!"

सुतार म्हणजे शेजारच्या गाळ्यातला. काही वर्षांपूर्वी ती कानस कारखान्यातून नाहीशी झाली आणि त्याच्या आदल्याच दिवशी सुतार डिंक मागायला येऊन गेला होता. गिटारवाल्याला तेवढा पुरावा बस्स होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बोलायचंच झालं तर भिंतीवर ठोकून. सासरेबुवांनी हेल्मेटची काच घाईघाईनं खाली ओढली. तोंडात चहा होता तरी.

शेवटी तारवाल्याच्या सल्ल्यानं हिऱ्याची भुकटी लावलेली कानस आणावी लागली. बायकोनं ती उजेडात धरून उलटसुलट करून बघितली.

"लग्नात मला खडा दिलास तो काचेचा," ती म्हणाली. "आणि माझ्या बापाच्या गिटारला हिरे."

गिटारवाल्यानं मान खाली घातली आणि घासायला लागला. तीन दिवसांचं काम तीन आठवडे ओलांडून पाचव्या आठवड्यात शिरलं होतं. ज्याला कायमचं घालवायला हा सगळा उद्योग मांडला, तो माणूस कधी नव्हे इतका राहिला होता आणि काम लांबेल तसा खुलत चालला होता. त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. गाल वर आले होते. फ्रेट चमकवायचं काम तर त्यानं आपणहून मागून घेतलं. एकेक फ्रेट फडक्यानं घासून घासून सासरेबुवांनी असा आरसा केला की ते सकाळी बाराव्या फ्रेटमध्ये बघून मिशा विंचरायचे. गिटारवाला हे बघून एकदा चक्क हसला आणि मग आपण हसलो याचं त्याला नवल वाटलं.

गिटार तयार झाली त्या दिवशी सासरेबुवांनी हेल्मेट काढलं आणि आपलं एकुलतं एक गाणं वाजवलं. पहिल्या तीन फ्रेटांत सुरू झालं, पहिल्या तीन फ्रेटांत संपलं. पण काय वाजलं! भांड्यासारखं तर नाहीच, घासून पुसून ठेवल्यासारखा लख्ख सूर. बोटं पाण्यावरून चालल्यासारखी तारेवरून सरकत होती. बायको जिन्यात उभी राहून ऐकत होती. भिंतीपलीकडे सुताराची करवतही थांबली होती.

"सुंदर," सासरेबुवा म्हणाले. मग फ्रेटवरून नख फिरवत त्यांनी विचारलं, "आता हे झिजणार नाहीत म्हणा."

"छे! नावच काढू नका."

"कधीच नाही?"

"आपण कोणी बघायला नसू, बाबा."

सासरेबुवांनी मान डोलावली. गिटार चादरीत गुंडाळली, एक गाठ मारली, ती नीट बसली नाही म्हणून सोडून पुन्हा मारली. निघताना त्यांनी सवयीनं पकडी उंचीप्रमाणे लावल्या आणि दाराबाहेर पडले. एकदाही "चुकलं वाटतं" म्हणाले नाहीत.

"बघ, कसा कायमचा बंदोबस्त केला," गिटारवाला हात झटकत बायकोला म्हणाला.

"केलास खरा," बायको म्हणाली. "आता बाबा कशाला येतील?"

"भेटायला येतील की!"

"ते? बिनकामाचे?" असं म्हणून ती जिना चढून गेली. बसचा दरवाजा लावावा तसा घराचा दरवाजा लावला तिनं.

पहिले काही आठवडे गिटारवाल्याला स्वर्ग दोन बोटं उरला. गिऱ्हाइकं आत येत होती, टिकत होती. हत्यारं ठेवली तिथेच सापडत होती. कोणी काही बोलत नव्हतं. पण मग तेच अंगावर यायला लागलं, कोणी काही बोलत नव्हतं ते. तार कापायला वाकला की तो आपसूक क्षणभर थांबायचा, मागून आवाज यायचा तो येत नाही म्हणून कापायचा, आणि नेमका चुकायचा. एका दुपारी त्याच्या लक्षात आलं की आपण पकडी उंचीप्रमाणे लावून ठेवल्या आहेत. त्यानं चिडून सगळ्या विस्कटल्या. गिटारवाल्याला सासऱ्यांची आठवण येत होती, चांगली सणकून येत होती, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.

वर्ष फिरलं. दर वर्षीचे ते दिवस आले आणि बायको जिन्याशी थबकली नाही. गाडी लावून सरळ वर गेली. दुसऱ्या दिवशीही सरळ वर. तिची वर जाणारी पावलं ऐकून गिटारवाल्याचा जीव खालीवर झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं मुकाट्यानं फोन उचलला.

"बाबा, कसे आहात?"

"बरा आहे."

"गिटार?"

"तीही बरी आहे," सासरेबुवा उदासपणे म्हणाले. "फार बरी आहे. काही होतच नाही तिला."

"मग या की एकदा."

"काय काम आहे?"

गिटारवाल्याची पंचाईत झाली. त्यानं सबंध कारखान्यावरून नजर फिरवली. काम काही सुचेना. "काम असं काही नाही. असंच. आपलं... या."

तळमजल्यावर अडवलेल्या माणसाच्या आवाजात सासरेबुवा म्हणाले, "बरं, बघू," आणि फोन ठेवला.

बायकोनं ऐकल्यावर कपाळावर हात मारून घेतला. "नुसतं 'या' म्हणतात होय त्यांना! अरे, खोटं तरी बोलायचंस."

"मला कसं कळणार?"

"गिटार तुला कळते आणि माणूस कळत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सहा वर्षं माझा बाप वर्षातून एकदा तरी येत होता. तेवढंही तू चकाचक करून टाकलंस." गिटारवाला रडकुंडीला आला. एरवी ती कचकचून भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

आठवडाभरानं, सकाळी, गिटारवाला पाठमोरा बसून तार वाकवत होता. मागून आवाज आला, "चुकलं वाटतं."

त्याच्या हातून हँडल सुटलं. दारात सासरेबुवा उभे होते. काखेत चादर, चादरीत गिटार. पण ते आत आले नाहीत, उंबऱ्याबाहेरच थांबले.

"काम होतं," ते घाईघाईनं म्हणाले. "फ्रेट झिजलेत."

"स्टीलचे?"

"तुमचा तो तारवाला फसवा निघाला, जावईबापू. रोज चार तास रियाज. टिकतंय काय त्याच्यापुढे!"

गिटारवाला ताडकन उठला. आनंदानं की धंद्याच्या काळजीनं, ते त्याचं त्यालाच कळेना. त्यानं गिटार घेतली, टेबलावर ठेवली, दिवा खाली ओढला. सासरेबुवांनी लगबगीनं पक्कड उचलली. "उपटतो मी, तुम्ही कशाला त्रास घेता."

"थांबा. आधी बघू तर द्या."

त्यानं बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नीट बघितलं. फ्रेट जसेच्या तसे होते, लख्ख, आरशासारखे. खळगा सोडाच, साधा ओरखडा नव्हता. पण फ्रेटच्या दोन्ही बाजूंचं लाकूड मात्र खरवडून निघालं होतं, बारीक, तिरकस, दातेरी रेघांनी. पहिल्या तीन फ्रेटांपाशी तर होतंच, पण पार खालच्या फ्रेटांपाशीही होतं, जिथे सासरेबुवांचं बोट जन्मात कधी गेलं नव्हतं. गिटारवाल्यानं चादर बाजूला सारायला म्हणून ओढली. तिच्या घडीतून काहीतरी निसटलं आणि खणखणत जमिनीवर पडलं.

कानस होती. पिवळ्या मुठीची.

गिटारवाल्यानं ती उचलली. एकेकाळी पोलादाला सरळ करणारी त्याची कानस चमच्याच्या दांड्यासारखी गुळगुळीत झाली होती. एक दात शिल्लक नव्हता. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि दर वर्षीचे खळगे, खिशात गेलेले सहा वर्षांचे फ्रेट आणि दोन कुंड्या, सगळं त्याच्या डोक्यात एकदमच उजाडलं. या वर्षभरात म्हाताऱ्यानं किती घासलं असेल! कसला चार तास रियाज! रियाज खराच होता, फक्त गाण्याचा नव्हता.

सासरेबुवा छताकडे बघत होते. कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. हेल्मेट हाताशी असतं तर त्यांनी ते नक्की घातलं असतं.

गिटारवाला भिंतीपाशी गेला आणि मुठीनं धाडधाड ठोकत ओरडला, "अहो सुतार! कानस सापडली!"

"सापडली होय!" पलीकडून आवाज आला. "आणि इतकी वर्षं माझ्या नावानं शंख केलास!"

गिटारवाला परत टेबलाशी आला. कधी नव्हे तो त्याला हुंदका येत होता आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं तर काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं.

"बाबा," तो म्हणाला, "फ्रेट फारच झिजलेत."

सासरेबुवांनी छतावरून नजर हळूच खाली आणली. "झिजलेत ना?"

"पार वाट लागलीय. आणि हे काम आता सोपं नाही. स्टील आहे. दर वर्षी आणावी लागणार गिटार. मला तर वाटतं, वर्षातून दोनदा."

"दोनदा," सासरेबुवा म्हणाले आणि त्यांनी एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला.

वरून बायकोचा आवाज आला. "कोण आहे रे?"

"बाबा आलेत!"

ती वरूनच, आवाज सांभाळत, म्हणाली, "काम आहे का काही?"

"मोठं काम आहे!"

"किती दिवस लागतील?"

गिटारवाल्यानं हातातल्या बोडक्या कानशीकडे बघितलं.

"हिला परत दात येईपर्यंत," तो ओरडला.

जिन्यावरून धडाधड पावलं खाली येऊ लागली. सासरेबुवांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यावरची धूळ बाहीनं पुसली आणि बसायच्या आधी टेबलावरच्या पकडी उंचीप्रमाणे लावायला घेतल्या.